गुडघ्याच्या वाटीविषयीचे काही गैरसमज

सिंगापूरच्या पश्चिम भागातील क्लेमेंटी ही वसाहत तेथील गृहनिर्माण मंडळाने 1970 च्या दशकात उभारली, तेव्हा अशा वसाहतींतील उंच इमारतींच्या लिफ्ट सरसकट प्रत्येक मजल्यावर थांबत नसत. ठराविक मजल्यावर उतरावे आणि उरलेला जिना पायांनी चढावा-उतरावा, असा दस्तूर होता. 2001 साली सरकारने हाती घेतलेल्या सुधारणा-योजनेने बहुतेक इमारतींतील ही गैरसोय दूर केली, परंतु जिन्याचे आणि गुडघ्याचे वैर काही त्यामुळे मिटले नाही. 1988 पासून चालू असलेले मेट्रोचे उंचावरील स्थानक आणि हमरस्ते ओलांडण्यासाठी बांधलेले पादचारी पूल यांच्या पायऱ्या आहेतच. विद्यापीठात किंवा कचेरीत दिवसभर खुर्चीला खिळून सायंकाळी उलू पांडानच्या कालव्याकाठी धावणारा तरुण, लष्करी सेवेच्या चाचणीतील 2.4 किलोमीटरची धाव गाठण्यासाठी कंबर कसलेला मुलगा, गौरी-गणपतीत दिवसभर ऊठबस करणारी गृहिणी, या सर्वांची कैफियत थोड्याफार फरकाने एकच असते : जिना उतरताना, उकिडवे बसताना किंवा बराच वेळ बसून उठताना गुडघ्याच्या वाटीमागे किंवा वाटीभोवती दुखते. या दुखण्यावर उपाय आहे. पण त्याच्या वाटेत गैरसमजांची दाटी फार आहे.

मूळ रचना आधी समजून घेतली पाहिजे. मांडीच्या पुढील चार स्नायूंचा समूह ज्या कंडरेने नडगीच्या हाडाला जोडलेला आहे, त्या कंडरेतच वाटीचे हाड वसलेले असते. गुडघा सरळ असताना वाटी बरीचशी मोकळी असते. तो सुमारे 20 ते 30 अंश वाकला की ती मांडीच्या हाडाच्या टोकाशी असलेल्या खोबणीत शिरते आणि पुढे त्या खोबणीतून सरकत राहते. तिच्या मागील पृष्ठभागावरील कूर्चेचा थर शरीरातील अत्यंत जाड थरांपैकी एक आहे आणि निसर्गाने तो उगीच दिलेला नाही. रायली आणि मार्टेन्स या संशोधकांनी 1972 साली केलेल्या गणिताप्रमाणे सपाट जमिनीवर चालताना वाटीच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे निम्मा, जिना चढता-उतरताना तिपटीहून थोडा अधिक आणि खोल बैठक मारताना सात-आठ पट भार येतो. जमिनीवर बिनतक्रार चालणारा मनुष्य जिन्यावर कठड्याचा आधार का शोधतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

गैरसमज : वाटी जागेवरून सरकली आहे, ती कोणी तरी जागेवर बसवून द्यावी.

वस्तुस्थिती : वाटी खरोखर निखळणे आणि वाटीभोवती दुखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात वाटी एकाएकी बाहेरच्या बाजूस उडी घेते, गुडघा बेडौल दिसतो, लगेच सुजतो आणि आतल्या बाजूचा बंध बहुधा फाटतो. तेथे विनाविलंब रुग्णालय गाठावे. दुसरा प्रकार कितीतरी अधिक आढळतो. त्यात वाटी किंचित बाहेर झुकलेली असेल किंवा नसेलही, आणि तशी झुकलेली वाटी मुळीच न दुखणाऱ्या गुडघ्यांतही आढळते. क्रिस्टोफर पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यांच्या वाट्या बाहेर सरकत अशा व्यक्तींच्या गुडघ्यांची चुंबकीय प्रतिमांनी पाहणी केली आणि 2003 साली असे दाखवून दिले, की पायावर भार घेऊन गुडघा हलतो तेव्हा वाटी फारशी जागा सोडत नाही. तिच्याखालचे मांडीचे हाडच आतल्या बाजूस वळते. गाडी रुळांवरून घसरली म्हणून आपण गाडीला दोष द्यावा आणि वास्तविक रूळच तिच्याखालून सरकलेले असावेत, असा हा प्रकार आहे. मांडीचे हाड वळू न देण्याचे काम मुख्यतः नितंबाच्या स्नायूंचे असते. म्हणून गुडघ्याच्या तक्रारीवर नितंबाचे व्यायाम सांगितले, तर त्यात वैद्यांचा घोटाळा झाला असे समजू नये.

गैरसमज : नी-कॅप चढविली की वाटी सरळ चालते, ती दिवसभर घालावी.

वस्तुस्थिती : नी-कॅपने ऊब मिळते, गुडघा कोणी धरून ठेवला आहे अशी भावना होते आणि काहींना त्यामुळे चालण्याचा धीर येतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु नी-कॅपने आणि पट्ट्यांनी दुखणे कमी होते असे म्हणण्याइतका पुरावा कॉक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यास सापडला नाही आणि 2019 साली अमेरिकेत फिजिओथेरपिस्टांसाठी प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेने तर या दुखण्यासाठी त्यांची शिफारस करण्याचे टाळले. चिकटपट्टीची हकीकत थोडी निराळी आहे. ऑस्ट्रेलियातील फिजिओथेरपिस्ट जेनी मॅककॉनेल यांनी 1986 साली ही पद्धती मांडली. वाटीला हलकेच आतल्या बाजूस ओढून पट्टी लावायची, आणि त्यानंतर जिना उतरताना दुखणे तत्काळ उतरते की नाही ते पाहायचे. उतरत असेल, तर तेवढ्या सवलतीत व्यायाम करून घ्यायचे. वर सांगितलेल्या मार्गदर्शिकेने पट्टीला मुभा दिली आहे ती व्यायामाच्या जोडीने आणि सुमारे चार आठवड्यांपुरती. सिंगापूरच्या दमट हवेत घामाने पट्टीखालची त्वचा लाल होऊन खाजू लागली, तर ती त्याच दिवशी काढावी. मात्र वाटी निखळल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात पट्ट्याचे प्रयोजन वेगळे असते आणि तेथे डॉक्टरांचा शब्द अखेरचा.

गैरसमज : मांडीच्या आतल्या बाजूचा तेवढा स्नायू बळकट केला की झाले.

वस्तुस्थिती : एके काळी या मताचा फार मोठा अंमल होता. परंतु तो एकच स्नायू शेजाऱ्यांना न जागवता बळकट करता येतो, असे पुढील संशोधनात सिद्ध झाले नाही; मांडीचा सबंध समूह एकत्रच काम करतो. ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे 2017 साली भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने पुढील वर्षी प्रसिद्ध केलेल्या निवेदनात नितंब आणि गुडघा या दोहोंच्या एकत्रित व्यायामाला पसंती दिली. कुशीवर निजून वरचा पाय सरळ ठेवून उचलणे, उताणे निजून कंबर उचलणे, भिंतीला पाठ टेकून 45 अंशांपर्यंतच खाली सरकणे आणि खालच्या पायरीवरून सावकाश उतरणे, ही त्याची साधी उदाहरणे होत. या शेवटच्या व्यायामाला आरसा जवळ असावा. इमारतीच्या तळमजल्यावरील जिन्याच्या पहिल्या पायरीवर एका पायाने उभे राहावे, दुसऱ्या पायाची टाच जमिनीला जेमतेम टेकेल इतपत खाली यावे आणि पुन्हा वर जावे. उभ्या पायाचा गुडघा पावलाच्या मधल्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे. तो आत कलंडला किंवा दुसऱ्या बाजूची कंबर खाली लटकली, तर पायरी कमी उंचीची घ्यावी. दहा वेळा वेडेवाकडे उतरण्यापेक्षा पाच वेळा नीट उतरणे अधिक लाभदायक.

गैरसमज : दुखते किंवा कट्‌कट् वाजते म्हणजे झिजते, सबब जिना आणि धावणे कायमचे बंद.

वस्तुस्थिती : नुसता आवाज, त्याबरोबर सूज किंवा वेदना नसेल, तर हानीचा दाखला मानता येत नाही. आणि पूर्ण विश्रांतीने दुखणे काही दिवस दबते, पण स्नायू क्षीण होऊन तोच जिना पुढल्या महिन्यात अधिक उंच वाटू लागतो. बंदी नको, बेताने भार हवा. कॅनडातील क्वेबेक येथे दुखऱ्या गुडघ्यांच्या 69 धावपटूंवर झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ भार कसा कमी-जास्त करावा याचे शिक्षण मिळालेल्यांची प्रगती, त्याखेरीज व्यायाम किंवा धावण्याच्या ढबीचे धडे मिळालेल्यांइतकीच झाली. सर्वसाधारण नियम असा, की वेदना दहापैकी दोन-तीन अंशांच्या आत राहिली आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झाली, तर काम चालू ठेवावे. त्याहून वाढली तर अंतर, वेग किंवा पायऱ्या घटवाव्यात. धावणाऱ्याने पावले आखूड टाकून त्यांची लय थोडी वाढविली तरी वाटीवरचा भार उतरतो. जोर-बैठकांच्या आपल्या परंपरेलाही हाच नियम लागू आहे : बैठक वर्ज्य नाही, परंतु तिची खोली आणि संख्या टप्प्याटप्प्याने वाढवायची आहे.

गैरसमज : फिजिओथेरपी म्हणजे शेक, मालिश आणि यंत्राच्या तारा.

वस्तुस्थिती : पोलिओच्या साथीने पंगू झालेल्या मुलांना पुन्हा उभे करण्याच्या निकडीतून 1950 च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने या विद्येचे शिक्षण सुरू झाले, तेव्हापासून तिचा गाभा हालचाल हाच आहे. गोल्ड कोस्टच्या निवेदनाने तर या दुखण्यासाठी विद्युत-यंत्रांच्या उपचारांची शिफारस नाकारली आहे. उत्तम फिजिओथेरपिस्ट प्रथम तुमची दिनचर्या विचारतो, तुम्हाला पायरी उतरायला लावतो, नितंबाचे आणि मांडीचे बळ मोजतो आणि मग मोजके व्यायाम देऊन दर एक-दोन आठवड्यांनी त्यांचा भार बदलतो. सिंगापुरात 2011 च्या कायद्यान्वये फिजिओथेरपिस्टांना नोंदणी बंधनकारक आहे. ती पाहून घ्यावी. सरकारी रुग्णालयातील सवलतीचा लाभ हवा असेल, तर क्लेमेंटीच्या पॉलिक्लिनिकमधील डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पुढे जावे.

गैरसमज : अखेरीस शस्त्रक्रियेवाचून सुटका नाही.

वस्तुस्थिती : हेलसिंकी येथे 56 रुग्णांवर झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुर्बिणीतून शस्त्रक्रिया अधिक व्यायाम, आणि केवळ व्यायाम, या दोन गटांच्या सुधारणेत फरक आढळला नाही. वाटी वारंवार निखळत असेल, तेथे बंध पुन्हा बांधण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार रास्त ठरतो. केवळ दुखण्यावर मात्र तो पहिला तोडगा नव्हे. दुखापतीनंतर लगेच आलेली मोठी सूज, अडकून बसणारा गुडघा, ताप किंवा रात्री झोपमोड करणारी वेदना असेल, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

या साऱ्याचा निष्कर्ष एवढाच, की नी-कॅप आणि पट्टी ही तात्पुरती सोय असून खरा उपचार आपल्याच नितंबाच्या व मांडीच्या स्नायूंकडून करून घ्यावयाचा आहे. त्याला सहा ते बारा आठवड्यांची मुदत द्यावी लागते आणि आठवड्यातून तीन दिवस तरी व्यायाम चुकवून चालत नाही. दीर्घ पाहणीत अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांची तक्रार पाच ते आठ वर्षांनीही शिल्लक आढळली आहे. तेव्हा दुखणे जुने होण्याची वाट न पाहता, या आठवड्यातच फिजिओथेरपिस्टाची वेळ ठरवावी.