ट्रॉलीच्या टायरची झीज आणि आसाची तपासणी

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा टायर वेळेआधी झिजला म्हणजे शेतकरी बहुधा टायरलाच दोष देतो. माल हलका निघाला, दुकानदाराने जुना साठा गळ्यात मारला, अशी समजूत करून घेऊन तो नवा टायर आणून बसवितो. आणि एक हंगाम सरतो न सरतो तोच नवा टायरही त्याच बाजूने झिजू लागतो. वास्तविक योग्य हवा असलेला व सरळ धावणारा टायर आपल्या सबंध रुंदीवर सारखा झिजतो. तो एका कडेला, केवळ मध्यभागी किंवा ठिकठिकाणी झिजत असेल, तर बिघाड अन्यत्र आहे असे निश्चित समजावे. तो बिघाड बहुतेक वेळा आसात, म्हणजे कारागीर ज्याला अ‍ॅक्सल म्हणतात त्यात, अथवा आस धरून ठेवणाऱ्या पाट्यांत असतो.

हा प्रश्न केवळ टायरच्या किमतीचा नाही. गळीत हंगामात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांत एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या जोडून रात्री उसाची वाहतूक चालते. आतल्या कडेला दोरे दिसू लागलेला टायर बाहेरून पाहणाऱ्यास धडधाकट भासतो. तो भरल्या वजनाखाली उतारावर फुटला, तर ट्रॉली कोणत्या अंगावर कलंडेल व मागून येणाऱ्याचे काय होईल, याचा विचार हंगाम सुरू होण्यापूर्वीच केला पाहिजे. यास्तव टायरची आतली बाजू ट्रॉलीखाली वाकून, हात लावून पाहण्याची सवय ठेवावी.

झिजेची खूण ओळखणे

टायरच्या मध्यावरील नक्षी गेली व दोन्ही कडा शाबूत आहेत, तर हवा जास्त भरली जात आहे. दोन्ही कडा गेल्या व मधला भाग उंच राहिला, तर हवा कमी आहे अथवा त्या हवेच्या मानाने ओझे जास्त आहे. हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना मोजावी व उत्पादकाने त्या टायरसाठी व त्या ओझ्यासाठी सांगितली असेल तेवढीच ठेवावी. दुपारी रस्त्यावर तापलेल्या टायरमध्ये हवेचा दाब वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडून देणारे चालक पुष्कळ आहेत. ही चूक होय. टायर निवल्यावर तोच टायर कमी हवेवर धावतो, त्याच्या बाजू अधिक दुमडतात व तो आणखीच तापतो.

नक्षी जागोजाग वाटीसारखी खोलगट झिजली असेल, तर चाक उड्या मारीत किंवा डुलत चालले आहे. ते चाक जॅकवर उचलून टायर वर व खाली दोन्ही हातांनी धरावा आणि पुढे-मागे हलवून पाहावा. खटखट जाणवली तर बेअरिंग सैल आहे. प्रथम ते कसावे किंवा बदलावे. बेअरिंग सैल असताना आसाची मापे घेण्यात काही अर्थ नाही.

खरी अडचण एका कडेच्या झिजेत असते, कारण तिची कारणे दोन आहेत आणि दोहोंवरील उपाय वेगळे आहेत. येथे डोळ्यांपेक्षा हाताचा तळवा अधिक उपयोगी पडतो. टायरवरून आडवा हात फिरवावा. आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. दोन्ही वेळा तो सारखाच गुळगुळीत लागला व केवळ आतली कड उतरती झाली असेल, तर चाक माथ्याकडून आत कलले आहे. प्रमाणाबाहेर ओझे वाहणाऱ्या ट्रॉलीत हे हटकून आढळते. ओझे दोन पाट्यांवरून आसावर येते व चाके त्याच्या टोकांना असतात. त्यामुळे आस मध्ये दबतो, टोके वर उचलली जातात व चाकांचे माथे एकमेकांकडे झुकतात.

याउलट एका दिशेने हात सहज फिरतो व दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखा खरखरतो, असे आढळल्यास चाके उभी कललेली नसून आडवी वळलेली आहेत. आतून बाहेर हात फिरविताना खरखर लागली व बाहेरची कड जास्त झिजली, तर चाके पुढच्या अंगाने आत वळली आहेत. बाहेरून आत येताना खरखर लागली व आतली कड गेली, तर ती पुढून फाकली आहेत. खड्ड्यात किंवा बांधावर आपटलेल्या ट्रॉलीचे आसाचे टोक मागे रेटले जाते, म्हणून त्यात फाकलेली चाके अधिक आढळतात.

यातील एक गोष्ट पुष्कळ कारागिरांच्याही लक्षात येत नाही. दोन चाकी ट्रॉलीत आसाचे एकच टोक वाकले असले, तरी दोन्ही टायर जवळपास सारखेच झिजतात. एक चाक ट्रॉलीला एका अंगाला ओढते, दुसरे विरोध करते, आणि ट्रॉली किंचित तिरपी होऊन दोहोंमध्ये घासणे वाटून देते. सबब जो टायर झिजला त्याच बाजूचे टोक वाकले, असे मानून ते कापून नवे बसविणे धोक्याचे आहे. कोणते टोक वाकले, हे मापानेच ठरते.

मापे घेण्याची पद्धत

ट्रॉली रिकामी करून सपाट, टणक जागी न्यावी. ती मागे न रेटता काही मीटर सरळ पुढे ओढून थांबवावी, म्हणजे टायरमधील ताण सुटतो. चाक उचलावयाचे असेल तेव्हा बाकीच्या चाकांना दगड लावावेत व आसाखाली लाकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या ट्रॉलीखाली कोणीही जाऊ नये.

प्रथम उचललेले चाक हाताने फिरवावे व रिमच्या कडेजवळ एक खिळा स्थिर धरावा. खिळा व रिम यांतील फट एका फेऱ्यात कमी-जास्त झाली, तर रिम वाकडी आहे किंवा नट सैल पडून तिची भोके मोठी झाली आहेत. फट सर्वत्र सारखी राहिली, तर रिम निर्दोष. तसेच फिरविताना टायरच्या मध्यावर खिळ्याने एक बारीक रेघ ओढून घ्यावी. दुसऱ्या चाकावरही अशीच रेघ ओढावी.

आता ट्रॉली खाली उतरवून पुन्हा थोडी पुढे ओढावी आणि हबच्या उंचीवर, चाकांच्या पुढच्या अंगाला, दोन रेघांमधील अंतर पोलादी टेपने मोजून तेथे खडूने खूण करावी. नंतर चाक अर्धा फेरा फिरेल इतकी ट्रॉली पुढे न्यावी. खडूची खूण मागच्या अंगाला त्याच उंचीवर येईल. तेथे पुन्हा मोजावे. पुढचे माप कमी आले तर चाके आत वळलेली, जास्त आले तर फाकलेली. सुती दोरी ताणली जाते, म्हणून ती या कामी वापरू नये.

हा फरक डोळ्याला क्षुल्लक वाटतो. परंतु नव्वद सेंटिमीटर व्यासाच्या चाकांत एक सेंटिमीटरचा फरक असेल, तर दोन्ही टायर मिळून दर किलोमीटरला सुमारे अकरा मीटर आडवे फरपटतात. कारखाना तीस किलोमीटरवर असेल, तर प्रत्येक खेपेस जातानाच तीनशे तीस मीटर. ही फरपट डिझेल जाळूनच होत असते.

आता कोणते टोक वाकले हे पाहावयाचे. प्रत्येक चाकालगत रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून चौकटीच्या सरळ लोखंडी पट्टीपर्यंतचे अंतर मोजावे. ज्या बाजूला ही दोन अंतरे भिन्न येतात, त्या बाजूचे टोक दोषी. माथ्याकडचा कल पाहण्यासाठी रिमच्या वरच्या कडेजवळ ओळंबा सोडून वर व खाली किती फट राहते ते मोजावे. हे माप मात्र एकदा रिकाम्या व एकदा भरलेल्या ट्रॉलीचे घ्यावे. काही आस ओझ्याखाली वाकतात व ओझे उतरताच पुन्हा सरळ होतात. रिकाम्या ट्रॉलीत ते निर्दोष दिसतात.

शेवटी आस चौकटीशी काटकोनात आहे का, हे तपासावे. दांड्याच्या पिनेच्या भोकाचा मध्य ते दोन्ही हबांचा मध्य ही अंतरे सारखी हवीत. चार चाकी ट्रॉलीत मागच्या आसासाठी हे माप पुढच्या फिरत्या तबकडीच्या मधल्या पिनेपासून घ्यावे. त्याआधी दांडा स्वतः वाकडा नाही ना व दोन्ही चाके चौकटीपासून सारखी दूर आहेत ना, एवढे पाहून घ्यावे. नाहीतर माप फसवते. तीन-चार मिलिमीटरचा फरक सोडून द्यावा. सेंटिमीटरभर फरक असेल, तर पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला असेल किंवा यू-बोल्ट ढिले पडून आस सरकला असेल, असा प्रथम संशय घ्यावा.

तिरप्या आसाने दोन चाकी ट्रॉलीचे टायर फारसे झिजत नाहीत. ती खेकड्यासारखी तिरकी चालते व अरुंद रस्त्यावर तिचा एक कोपरा समोरून येणाऱ्याच्या अंगावर जातो. जेथे दोन आस लागोपाठ, न वळणारे असे जोडलेले असतात, तेथे मात्र ते एकमेकांशी झगडतात व टायर झपाट्याने खातात. अशा ट्रॉलीत दोन्ही बाजूंस हबांमधील अंतर सारखेच असले पाहिजे. टायरच्या बैलगाडीत आस तिरपा असेल, तर गाडी एका अंगाला ओढते आणि ते एका बैलाच्या मानेला भोगावे लागते.

दुरुस्तीबाबत

वाकलेला आस भट्टीत तापवून, घण मारून सरळ करून देणारे कारागीर गावोगाव आहेत. तो दिसावयास सरळ होतो, परंतु त्या पोलादात मूळची ताकद उरली की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. ओझ्याने वाकलेला आस बदलणेच इष्ट. आसावर वेल्डिंग करावयाचे झाल्यास हे ध्यानात ठेवावे की, वेल्डिंग निवताना आखडते व आसाची टोके त्या बाजूला ओढली जातात. पुढच्या अंगाला केलेल्या जाड वेल्डिंगने सरळ चाकेही आत वळू शकतात. म्हणून वेल्डिंगनंतर, पूर्ण निवल्यावर, मापे पुन्हा घेतल्याशिवाय कारागिराचा हिशेब चुकता करू नये.

नवे पाटे किंवा यू-बोल्ट बसविल्यावर पहिल्या एक-दोन भरल्या खेपांनंतर ते पुन्हा कसावेत, कारण पाटे बसून बोल्ट ढिले होतात. त्याच वेळी प्रत्येक टायरच्या नक्षीची खोली आतल्या कडेला, मध्ये व बाहेरच्या कडेला मोजून तारखेसह वहीत लिहावी आणि दर पंधरवड्याला ते माप पुन्हा घ्यावे.