झटका गेला, धास्ती राहिली

दवाखान्यातून घरी आलेला माणूस ओसरीवर बसून राहतो. छातीत जरा खुट्ट झालं की हात तिथंच. रात्री डोळा मिटला तर सकाळी उघडेल का, ही धास्ती. घरचेही म्हणतात, "आबा, मळ्याकडं जाऊ नका, नुसतं बसा." अन् कर्ता माणूस बसल्या जागी खचत जातो.

हे भित्रेपण नव्हे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर साधारण पाचांतल्या एकाला नैराश्य ग्रासते. खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, चालणे सोडतो. पुन्हा झटक्याचा धोका वाढतो. म्हणून तपासणीला गेल्यावर छातीबरोबर मनातलीही भीती डॉक्टरांना सांगावी. त्यांच्या सल्ल्याने आज देवळापर्यंत, पुढे बांधापर्यंत असे चालणे वाढवावे. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली मानस'च्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते. मात्र छातीत कळ येऊन थांबेना, घाम फुटला, दम लागला, तर 'मनाचंच असेल' म्हणून थांबू नये. लगेच १०८ ला फोन करावा.

आणि घरच्यांनी आबांचा कारभार काढून घेऊ नये. "आबा, यंदा हरभरा कोणत्या वावरात पेरायचा?" एवढं विचारलं तरी माणूस उभारी धरतो.