बोन्सायची कुंडी आपल्याच कुंभाराकडून

सात-आठ वर्षं जपलेला वड शेवटी प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये जातो, तेव्हा दर वेळी पैशाचीच अडचण असते असं नाही. बहुतेक नर्सऱ्यांत दुसरं काही मिळतच नाही. जपानमधल्या तोकोनामेहून किंवा चीनमधल्या यीशिंगहून कुंडी मागवायची, तर वाहतुकीचा खर्च आणि वाटेत फुटण्याची धास्ती. मग ‘आपल्याकडे कारागीरच नाहीत’ असं म्हणून विषय संपतो. मला हे अजिबात पटत नाही. चाकावर हात बसलेली माणसं आपल्या शहरात आहेत, फक्त पसरट कुंडीचं माप घेऊन त्यांच्याकडे कुणी जात नाही.

मुंबईत धारावीचा कुंभारवाडा आहे, पुण्यात मुंढव्याजवळचं केशवनगर आहे, गोव्यात डिचोलीची लाल मातीची भांडी प्रसिद्ध आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभारलेल्या ग्रामोदय संघाने कुंभारकामाला नवी दिशा दिली. याखेरीज पुण्या-मुंबईत स्टुडिओ पॉटर आहेत. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी 1971 मध्ये पुद्दुचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. तिथे शिकलेल्यांनी देशभर आपापल्या भट्ट्या लावल्या. दिवाळीआधीच्या हस्तकला प्रदर्शनांत असे पॉटर हमखास भेटतात. मांडलेल्या कपबश्यांत कुंडी दिसली नाही, तरी विचारावं.

कुंभार आणि स्टुडिओ पॉटर यांच्या कामात मुख्य फरक माती आणि आच यांचा. कुंभाराची लाल माती साधारण 900 ते 1000 अंश सेल्सिअसला भाजली जाते. तिच्यात लोह भरपूर असल्याने आच फार वाढवली तर भांडं फुगतं, बसतं. म्हणून कुंभाराला ‘अजून कडक भाजा’ म्हणून उपयोग नाही. स्टुडिओतलं स्टोनवेअर वेगळ्या मातीचं, ते 1200 अंशांच्या वर भाजतात. ती माती जवळजवळ काचेसारखी घट्ट होते आणि पाणी फारसं पीत नाही. थंड देशांत लाल मातीची कुंडी गोठलेल्या पाण्याने तडकते. महाराष्ट्रात ती भीती नाही. वड, पिंपळ, उंबर यांच्यासाठी आपल्या कुंभाराची कुंडी उत्तम चालते. एप्रिल-मेमध्ये ती लवकर सुकते, तेव्हा पाणी दोनदा घालायचं, आणि बाहेरून क्षारांचा पांढरा थर आला की ब्रशने घासायचा.

कुंडी किती भाजली आहे हे घरी तपासता येतं. कोरडी कुंडी वजन करून रात्रभर पाण्यात बुडवा, सकाळी पुसून पुन्हा वजन करा. एक किलोची कुंडी एक किलो 150 ग्रॅम भरली, तर ती 15 टक्के पाणी प्यायली. स्टोनवेअरमध्ये हाच आकडा दोन-तीन टक्क्यांच्या आत असायला हवा. विकत घेताना मात्र बोटाने टिचकी मारून बघणं पुरे. आवाज खणखणीत यायला हवा. बद्द आला तर कुठेतरी तडा आहे किंवा कुंडी कमी भाजली आहे.

ऑर्डर देताना ‘बोन्सायची कुंडी हवी’ एवढंच सांगू नका. कागदावर आकृती काढा. लांबी झाडाच्या उंचीच्या दोन-तृतीयांश आणि खोली खोडाच्या बुंध्याच्या जाडीइतकी, हा रूढ हिशेब आहे. ओली माती सुकताना आणि भाजताना आकसते. स्टोनवेअरमध्ये ही घट बारा टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे बारा इंची कुंडीसाठी कारागिराला साडेतेरा इंचांहून थोडी मोठी बनवावी लागते. म्हणून भाजून झाल्यावरचं आतलं माप हवं, हे स्पष्ट लिहा.

सगळ्यात जास्त लक्ष तळाकडे द्यावं. निचऱ्याची भोकं बोट जाईल एवढी मोठी हवीत. झाड तारेने बांधण्यासाठी बाजूला तीन-चार मिलिमीटरची छोटी भोकं हवीत. ही सगळी माती ओली असतानाच पाडायची. भाजल्यावर ड्रिल चालवलं तर तडा जाण्याचा धोका. खाली पाय हवेत, म्हणजे हवा खेळते. आतून ग्लेझ नको, खडबडीत मातीला मुळं चांगली धरतात. कुंडी हातात आली की सपाट फरशीवर ठेवून आत तांब्याभर पाणी ओता. कोपऱ्यात पाणी साचून राहिलं, तर पावसाळ्यात तिथेच मूळ कुजणार.

चाकावर गोल कुंडी सहज होते. आयताकृती कुंडी लाटलेल्या मातीच्या लादीची किंवा साच्यातली, ती सुकताना कोपरे उचलले जातात, सांधे फाटतात. तिचे पैसे जास्त मागितले तर कारागीर बरोबर मागतो. पहिल्या वेळी गोल कुंडीच करून घ्या आणि आगाऊ रक्कम द्या. किंचित वाकडी आली तरी घ्या, कारण दुसरी कुंडी पहिलीपेक्षा चांगली होते ती गिऱ्हाईक परत आल्यामुळेच. तोकोनामेच्या कुंडीखाली कारागिराची मोहर असते आणि जाणकार कुंडी उलटी करून आधी ती पाहतात. आपल्या कारागिरालाही तळाशी आपली खूण उमटवायला सांगा.

वेळेचंही भान ठेवा. पावसाळ्यात माल सुकत नाही. त्यानंतर घटस्थापनेचे घट, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडं यांतून कुंभाराला उसंत नसते, आणि उन्हाळा लागला की माठ सुरू होतात. संक्रांत झाली की लगेच आकृती घेऊन जा. म्हणजे जूनमध्ये वडाची कुंडी बदलायच्या आत नवी कुंडी तुमच्या हातात असेल.