वयात येणाऱ्या मुलांचा मेंदू

घरात तेराचौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असली की आईवडिलांच्या तोंडी तीन तक्रारी हमखास असतात. रात्री वेळेवर झोपत नाही आणि सकाळी उठवता उठत नाही. सांगितलेले ऐकत नाही. मित्रमैत्रिणींपुढे घरचे कोणी दिसत नाही. पालकसभेला आलेल्या माता हेच सांगतात आणि शेवटी विचारतात, "गुरुजी, आमचे काय चुकले?" सोबत आजी आलेली असेल तर तिचे निदान ठरलेले असते: पोराला कोणाची तरी दृष्ट लागली.

आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. परंतु गेल्या काही दशकांत या वयातील मेंदूविषयी जे समजले आहे, ते आपल्या घराघरांत पोचावे असे आम्हाला फार वाटते. कारण निम्मी भांडणे मुलाला उद्धट समजून होतात, आणि भांडणात वेळ गेला की खऱ्या धोक्याकडे लक्ष राहत नाही.

सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. म्हणून मेंदूची वाढ लहानपणीच संपते, असा समज बरीच वर्षे होता. शिकागोचे डॉक्टर पीटर हुटेनलोखर यांनी निरनिराळ्या वयांत मरण पावलेल्या व्यक्तींचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून १९७९ साली दाखवले की कपाळामागच्या भागातील पेशींचे आपापसातील जोड बालपणी मोठ्या माणसापेक्षा अधिक असतात आणि पौगंडावस्थेपर्यंत कमी होत जातात. पुढे १९९९ साली अमेरिकेतील जे गिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत मुलांच्या मेंदूची चित्रे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा काढली. त्या चित्रांत कपाळामागील करडा भाग मुलींमध्ये सुमारे अकराव्या आणि मुलांमध्ये सुमारे बाराव्या वर्षापर्यंत वाढून मग हळूहळू कमी होताना दिसला.

हे कमी होणे म्हणजे नुकसान नव्हे. वापरातले जोड पक्के होतात, बिनवापराचे गळतात. त्याच काळात पेशींच्या लांब तंतूंवर मायलिन नावाचे चरबीयुक्त वेष्टण चढते, आणि निरोप पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने पोचू लागतो. हे काम डोक्याच्या मागच्या बाजूला आधी उरकते. पुढचा विचार करणारा आणि मोह आवरणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी तयार होतो, विशी उलटल्यावरही त्याचे काम चालूच असते. (पंचविसाव्या वर्षी मेंदू पूर्ण होतो, असे हल्ली जो तो सांगतो. असा ठरावीक वाढदिवस शास्त्रज्ञांनी दिलेला नाही.)

आता रसायनांकडे वळू. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायनांच्या मार्फत. त्यांपैकी डोपामिन हे स्वतःच निरोप नेणारे रसायन आहे, हे स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लोक त्याला आनंदाचे रसायन म्हणतात, पण ते आनंदापेक्षा ओढीचे रसायन आहे. अपेक्षेपेक्षा काही चांगले मिळाले की ते उसळते, आणि "हे पुन्हा कर" असे मेंदूला शिकवते. वयात येताना मेंदूचा हा ओढीचा भाग फार जोमात असतो. आपल्या आजोबांच्या काळी ऊस बैलगाडीतून गिरणीवर जाई. बैल भरात आलेले आहेत आणि कासरा धरणारा हात अजून कच्चा आहे, अशी ही गाडी समजावी. बैलांना दोष देऊन चालत नाही. त्यांच्याच जोरावर मूल घराबाहेर पडून नवे शिकते.

मित्रांचा प्रभाव किती, हे अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसते. ३०६ जणांना पडद्यावर मोटार चालवण्याचा खेळ दिला. काहींना एकट्याने, काहींना मित्रांसमोर. मित्र पाहत असताना तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. चोवीस वर्षांवरील मंडळींच्या वागण्यात मात्र मित्रांमुळे फारसा फरक पडला नाही. म्हणजे एकटा असताना शहाणा असणारा आपला मुलगा चौघांत वेडेपणा करतो, तेव्हा तो घरी नाटक करीत होता असे मानू नये.

झोपेबद्दल आम्हाला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. अंधार पडल्यावर मेंदूतील एका लहान ग्रंथीतून मेलाटोनिन स्रवते आणि शरीराला रात्र झाल्याची सूचना मिळते. वयात येताना ही सूचना उशिरा येऊ लागते, काही मुलांत दोन तासांपर्यंत. अमेरिकेच्या मेरी कार्स्केडन यांनी यावर अनेक वर्षे संशोधन केले आहे. तेव्हा नऊ वाजता अंथरुणात घातलेला मुलगा अकरापर्यंत कूस बदलत राहतो, तो सगळाच हट्ट नसतो. त्यात हातातल्या फोनचा उजेड ती सूचना आणखी लांबवतो.

तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप हवी. आपल्या बेटावर हा हिशेब कसा जमायचा? दूरच्या गावातील मूल पहाटे उठून बस पकडते. शाळा सुटली की ट्युशन. घरी आल्यावर गृहपाठ. शनिवारी पुन्हा ट्युशन. परीक्षेचे वर्ष असले तर विचारूच नका. जे दिवसा शिकले ते मेंदू झोपेत पक्के करतो. म्हणजे झोप तोडून घेतलेली चौथी ट्युशन पुष्कळदा पैशांची नासाडी असते. आमच्या काही सहकाऱ्यांना हे वाक्य रुचणार नाही, नाइलाज आहे. अमेरिकेतील सिॲटल शहराने २०१६ साली मोठ्या मुलांच्या शाळा ७.५० ऐवजी ८.४५ ला सुरू केल्या, तेव्हा मुले रोज सरासरी ३४ मिनिटे अधिक झोपली. शाळेची घंटा आपल्या हाती नाही. एखादी ट्युशन कमी करणे आणि रात्री फोन बैठकीच्या खोलीत ठेवणे (वडिलांचाही!) आपल्या हाती आहे.

आता सर्वांत कठीण विषय. सिंथेटिक मादक द्रव्यांनी आपल्या बेटावरील किती घरे पोखरली आहेत, हे वाचकांना सांगायला नको. मादक पदार्थांच्या व्यापारावरील लाम शांग लीन चौकशी आयोगाचा अहवाल २०१८ साली आला. प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. मेंदूत गांजासदृश रसायने अल्प प्रमाणात नैसर्गिकरीत्याच असतात, आणि ती पेशींचे जोड नीट बसण्यास मदत करतात. गांजातील द्रव्य त्याच कुलपांत बसते, पण ती अर्धवट उघडते. सिंथेटिक द्रव्ये तीच कुलपे पुरती उघडतात, आणि वाळक्या पाल्यावर काय व किती फवारले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. झटके येणे, भ्रम होणे, हृदय बंद पडणे, सारे शक्य असते. जो मेंदू या वयात गणित लवकर शिकतो, तोच व्यसनही लवकर शिकतो. अशा मुलाला मार देऊन किंवा घरात कोंडून काही साधत नाही; डॉक्टरकडे न्यावे आणि लोक काय म्हणतील ते नंतर पाहावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ गप्प, उदास राहणाऱ्या मुलीलाही हेच लागू. बरेच मानसिक आजार याच वयात डोके वर काढतात.

एक दिलासा मात्र आहे. शांत डोक्याने, घाई नसताना विचारले तर सोळा वर्षांचा मुलगा जवळजवळ मोठ्या माणसाइतकाच नीट विचार करू शकतो. अडते ते ऐन वेळी, चार मित्रांच्या गलक्यात. म्हणून बोलणे आधी व्हावे. गणेश विसर्जनाला किंवा एकतीस डिसेंबरच्या रात्री तो मित्रांबरोबर जाणार असेल, तर दोन दिवस आधी, जेवण झाल्यावर, कोणाबरोबर जाणार, परत कसा येणार, मोटार चालवणारा दारू प्यालेला असेल तर काय करणार, हे त्यालाच विचारावे आणि उत्तर त्याच्याच तोंडून येऊ द्यावे. रात्री कितीही वाजता फोन केलास तरी न्यायला येऊ, हे त्याला सांगून ठेवावे. आणि फोन आलाच तर गाडी काढून जावे, वाटेत एक शब्दही बोलू नये. जे बोलायचे ते दुसऱ्या दिवशी, त्याची झोप पुरी झाल्यावर.