कृश दिसणारे मूल आणि खेळाचा तास

शालेय आरोग्याचा विषय निघाला की आपली दृष्टी प्रथम वर्गातील अशक्त मुलाकडे वळते. त्याला पोटभर अन्न मिळाले व वजन वाढले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे आपणांस वाटते. सडपातळ पण हिंडत्याफिरत्या मुलाविषयी तर काळजीचे कारणच दिसत नाही. पुणे जिल्ह्यात झालेल्या एका दीर्घ संशोधनाने ही समजूत अपुरी ठरविली आहे. त्याचा बोध प्राथमिक शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांशी करण्यात आली. पूर्ण दिवसांच्या बालकाचे सरासरी वजन तिकडे सुमारे ३.५ किलो, तर आपल्या खेड्यांत सुमारे २.७ किलो भरले. आपल्या बालकांचे स्नायू व पोटातील अवयव बरेच लहान होते. परंतु त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बालक वरून कृश, पण देहाच्या घडणीत मेदाचा वाटा अधिक. अशी घडण पुढे मधुमेहाला व हृदयविकाराला अनुकूल ठरते.

हीच गोष्ट २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका साध्या उदाहरणाने मांडण्यात आली. डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २२.३ होता. परंतु शरीरातील चरबी मोजली असता युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. तराजू जे सांगतो, ते संपूर्ण सत्य नव्हे.

आता मातांकडे पाहू. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. शोभा राव यांनी याच अभ्यासातून दाखविले की, बालकाच्या वाढीचा संबंध मातेने एकूण किती अन्न खाल्ले यापेक्षा पालेभाज्या, फळे व दूध तिच्या आहारात किती वेळा आले याच्याशी अधिक होता. गरोदरपणी शेतीची व घरची कष्टाची कामे अधिक करणाऱ्या मातांची बालके लहान भरली. शिवाय निम्म्याहून अधिक मातांमध्ये बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव आढळली. म्हणूनच या खेड्यांत जन्मलेली मुले किशोरवयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांनाच बी-१२ देण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. पुढच्या पिढीचे आरोग्य सुधारावयाचे तर आरंभ गरोदरपणाच्याही आधी व्हावयास हवा, हा त्यामागील विचार.

येथेच शाळेचा संबंध येतो. आज पाचवी-सातवीत बसणारी मुलगी उद्याची माता आहे.

जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत कापसाच्या वेचणीच्या दिवसांत ती शेतात राबते, पाणी भरते, धाकट्या भावंडांना सांभाळते. 'हिला वेगळा व्यायाम कशाला?' असे पालक विचारतात. परंतु कष्ट म्हणजे खेळ नव्हे. कष्टाने शक्ती खर्च होते. ती भरून येण्यास अन्न व विश्रांती लागते. खेळात धावणे, उड्या मारणे, तोल सांभाळणे येते व मन प्रफुल्लित होते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांची चांगली हालचाल सांगितली आहे. म्हणून खेळाचा तास गणिताला देऊन टाकू नये. लंगडी, खो-खो, लगोरी यांना खर्च तो किती? उन्हाळ्यात हा तास सकाळीच घ्यावा. मुली मैदानाच्या कडेला उभ्या राहत नाहीत ना, हे शिक्षकांनी आवर्जून पाहावे.

आहाराच्या बाबतीत आपला खानदेश दरिद्री नाही. ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी धान्य व डाळ यांचा उत्तम मेळ आहे. तिच्यासोबत मेथी, पोकळा, शेपू यांची भाजी असावी. केळी तर आपल्या घरचीच. मात्र वनस्पतिजन्य अन्नात बी-१२ जवळजवळ नसते. त्यासाठी दूध-दही, आणि ज्या घरी चालत असेल तेथे अंडे, हा मार्ग आहे. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गांसाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने ठरलेली आहेत. त्यात परसबागेतील पालेभाजीची भर घालणे शिक्षकांच्या हाती आहे.

अखेरीस नोंदीविषयी. उंची व वजन नियमित मोजून दोन्ही एकत्र पाहावीत. लोहाची साप्ताहिक गोळी जेवणानंतर, आपल्या समक्ष द्यावी. आरोग्य तपासणीचे पथक येईल तेव्हा लवकर दमणाऱ्या, खेळ टाळणाऱ्या मुलांची नावे तयार ठेवावीत. अशी मुले वैद्याआधी शिक्षकाच्या नजरेस पडतात. कारण तो त्यांना रोज पाहतो.