विसावा हिस्सा

चऱ्होलीत खोली करून चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर लागलेले माझे माजी विद्यार्थी विचारतात, "सर, एवढ्याशा पगारात आम्ही विद्यार्थी-निधीला काय द्यावे?" १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा मागितला. तेच माप इथे लावावे. हिस्सा मिळकतीबरोबर कमी-जास्त होतो : १५,००० वर ७५०, शिकणाऱ्याच्या १०० वर ५. एका धनिकाच्या देणगीवर चालणारा निधी त्याच्या मर्जीने चालतो. शंभरांच्या वर्गणीचा निधी शंभरांना हिशेब देतो. मी घरातला पहिला पदवीधर. माझी फी वस्तीने वर्गणीतून भरली; परत कुणी मागितली नाही. मित्रहो, ते ऋण पुढच्या मुलाची फी भरूनच फिटेल.