टाकाऊ चरबीतून धुण्याचा साबण

परभणी जिल्ह्यात शेळीपालन हा कोरडवाहू शेतीचा जुना जोडधंदा आहे. उत्तरेस जिंतूरच्या माळरानापासून दक्षिणेस गंगाखेडच्या बालाघाट डोंगररांगांपर्यंत उस्मानाबादी शेळी अल्पभूधारकाच्या अडीअडचणीला उपयोगी पडत आली आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी बोकडाचे व मेंढीचे मांस विकले जाते आणि गिऱ्हाईक जी चरबी घेत नाही ती संध्याकाळी उकिरड्यावर किंवा ओढ्याकाठी जाऊन पडते. या टाकाऊ वस्तूपासून कपडे धुण्याचा उत्तम साबण घरच्या घरी तयार करता येतो. मात्र त्यासाठी स्वच्छता, दक्षता आणि प्रामाणिकपणा ही तीन पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतात.

उघड्यावर टाकण्याचे दुष्परिणाम

मांसाचे टाकाऊ भाग उघड्यावर पडले की मोकाट कुत्री व माशा वाढतात. शेळ्यामेंढ्यांच्या यकृतात व फुप्फुसात काही वेळा पाण्याने भरलेल्या गाठी आढळतात. अशा गाठी कुत्र्याने खाल्ल्यास त्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेवाटे माती, पाणी व भाजीपाल्यात मिसळतात आणि पुढे माणसाच्याही शरीरात तशाच गाठी होऊ शकतात. म्हणून असे अवयव खोल खड्ड्यात पुरावेत किंवा जाळावेत. साबणासाठी केवळ स्वच्छ चरबीच वेगळी काढावी. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावाच्या स्वच्छतेची जी जाणीव निर्माण केली, तिच्यात हे कामही बसते.

चरबी कढविण्याची रीत

मूत्रपिंडाभोवतीची पांढरी, कडक चरबी सर्वांत चांगली. ती त्याच दिवशी आणावी, कारण परभणीच्या उन्हाळ्यात चरबी लवकर खवट होते. मांसाचे व रक्ताचे अंश सुरीने काढून टाकावेत आणि चरबीचे अगदी बारीक तुकडे करावेत. तुकडे बुडतील इतके पाणी व मूठभर मीठ घालून पातेले मंद आचेवर दोन ते तीन तास ठेवावे. पाण्यामुळे चरबी करपत नाही आणि मिठामुळे मळ खाली बसण्यास मदत होते. अधूनमधून ढवळावे व लागेल तसे गरम पाणी घालावे.

तुकडे आक्रसून वर तरंगू लागले म्हणजे मिश्रण जाड फडक्यातून गाळून रात्रभर निवू द्यावे. सकाळी पाण्यावर चरबीची घट्ट वडी जमलेली दिसते. ती उचलून तिच्या खालच्या बाजूस लागलेला करडा गाळ खरवडून टाकावा. वास राहिला असल्यास हीच क्रिया ताज्या पाण्यात पुन्हा करावी. शेवटी वडी मंद आचेवर वितळवून पाण्याचा अंश उडवून लावावा. हे काम उघड्या, हवेशीर जागी करावे. चरबीने पेट घेतल्यास तिच्यावर पाणी मुळीच ओतू नये, कारण त्यामुळे जळती चरबी चहूकडे उडते. पातेल्यावर घट्ट झाकण ठेवावे व खालचा विस्तव काढून घ्यावा.

साबण कसा होतो?

चरबी आणि दाहक क्षार यांचा संयोग झाला की साबण व ग्लिसरीन तयार होते. चरबीची ही रासायनिक घडण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उलगडून दाखविली. घरगुती साबणात हे ग्लिसरीन साबणातच राहते.

प्रमाण असे ठेवावे: कढविलेली चरबी १ किलो, कॉस्टिक सोडा १३० ग्रॅम आणि पाणी ३५० ग्रॅम. प्रत्येक जिन्नस काट्यावर तोलूनच घ्यावा, वाटीच्या अंदाजाने घेऊ नये. सोडा जास्त झाल्यास साबण हात व कपडे दोन्ही खातो. कमी झाल्यास तो मऊ व तेलकट राहतो.

मोजलेल्या थंड पाण्यात सोडा थोडाथोडा टाकून ढवळावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. द्रावण आपोआप तापते व त्याच्या वाफा झोंबतात, म्हणून हे काम अंगणात करावे. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे असावे. ॲल्युमिनियमचे भांडे सोडा खाऊन टाकतो व त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा अवश्य असावा. द्रावण अंगावर उडाल्यास ती जागा वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे धरावी. डोळ्यात गेल्यास लगेच धुण्यास सुरुवात करून दवाखाना गाठावा. सोड्याचा डबा कुलपात ठेवावा आणि लहान मुलांना या कामाच्या जवळपास येऊ देऊ नये.

द्रावण व वितळलेली चरबी दोन्ही कोमट झाल्यावर द्रावण बारीक धारेने चरबीत सोडून लाकडी दांड्याने ढवळत राहावे. मिश्रण पिठल्यासारखे दाट झाले व वरून सोडलेल्या धारेची रेघ पृष्ठभागावर उमटून राहू लागली, म्हणजे ते प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या लाकडी चौकटीत ओतावे. एकदोन दिवसांत ते घट्ट होते, तेव्हा मोजे घालूनच वड्या पाडाव्यात व सावलीत चार ते सहा आठवडे सुकू द्याव्यात. चरबीचा साबण टणक होतो, म्हणून उन्हाळ्यातही तो पाघळत नाही.

सुकलेल्या वडीच्या ताज्या कापावर शाळेच्या प्रयोगशाळेतील फिनॉल्फ्थॅलीनच्या अल्कोहोलमधील द्रावणाचा थेंब टाकावा. तो गडद गुलाबी झाला तर त्यात मोकळा क्षार शिल्लक आहे असे समजून ती वडी वापरू नये. विज्ञान शिक्षकांना आम्ल व अल्क यांचा पाठ शिकविताना याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस न होता दह्यासारखा साका होतो, कारण पाण्यातील चुना साबणाशी संयोग पावतो. अशा पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा टाकल्यास साबण वाया जात नाही.

विश्वासाचा प्रश्न

आपल्या समाजात चरबी ही श्रद्धेशी निगडित वस्तू आहे. १९८३ साली वनस्पती तुपात आयात चरबीची भेसळ झाल्याच्या तक्रारींवरून देशभर असंतोष उसळला होता, हे पुष्कळांना स्मरत असेल. त्यामुळे साबण कशापासून केला आहे हे वडीच्या वेष्टनावर ठळक लिहिणे हे उत्पादकाचे पहिले कर्तव्य ठरते. महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीसही २०१५ पासून कायद्याने बंदी आहे. म्हणून चरबी फक्त शेळीमेंढीचीच आणि माहितीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावी. अंगाचा साबण विक्रीसाठी करावयाचा असल्यास अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. बचत गटांनी आरंभ कपड्यांच्या साबणापासून व तोही स्वतःच्या वापरापुरता करावा हे श्रेयस्कर.

ज्यांना चरबी हाताळणे मान्य नाही त्यांच्यासाठीही मार्ग आहे. वर्ध्यात महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेल व साबण या उद्योगास आपल्या कार्यक्रमात स्थान दिले. बांधावरील निंबाच्या निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाशी गळून मातीत मिसळतात. त्यांच्या तेलाचाही साबण होतो व त्याला सोडाही जवळपास तितकाच लागतो.

ग्रामपंचायतीने बाजाराच्या जागी चरबीसाठी झाकणाचे स्वतंत्र पिंप ठेवावे, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी टाकाऊ अवयवांच्या विल्हेवाटीची माहिती विक्रेत्यांना द्यावी आणि शिक्षकांनी तोलमाप व चाचणी यांत बचत गटांना साहाय्य करावे. एवढे झाले तर ओढ्याकाठची दुर्गंधी कमी होईल आणि साबणाच्या खर्चातील काही रुपये घरात राहतील. मात्र घाईने, तोलल्यावाचून आणि मोज्यांवाचून हे काम करू देण्यापेक्षा ते न केलेलेच बरे. एका भगिनीचा डोळा साबणाच्या शंभर वड्यांहून मोलाचा आहे.